फिरत्या फ्रीलान्सरसाठी करनिवास निश्चितीची सेवा : सहा महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी एका करसल्ला संस्थेची एक विशिष्ट सेवा घेतली. एखादी व्यक्ती एकाहून अधिक देशांत राहत आणि काम करत असेल, तर ती कोणत्या देशाची करनिवासी ठरते, म्हणजेच तिच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार कोणत्या देशाला मिळतो, याचे लेखी मत देणे एवढेच त्या सेवेचे काम आहे. विवरणपत्र भरणे, गुंतवणुकीचा सल्ला किंवा व्हिसाची कामे त्यात येत नाहीत. आधीच ठरलेल्या शुल्कात एक लांबलचक प्रश्नावली, मुक्कामाच्या नोंदीसाठी मोबाईल ॲप, प्रत्येक देशासाठी स्वतंत्र प्रकरण असलेला अहवाल आणि करसल्लागाराशी तासाभराची दोन संभाषणे मिळाली. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे तिच्या एका गंभीर चुकीविषयी लिहायचे आहे, आणि अशा सेवा आता अनेक संस्था देत असल्यामुळे अशी सेवा घेताना काय पाहावे हे कळणे वाचकाला जास्त उपयोगी पडेल.

माझी परिस्थिती अशी होती. मी तांत्रिक दस्तऐवज लिहिण्याचे काम स्वतंत्रपणे करते. २०२३ च्या उन्हाळ्यात मी ब्रिटन सोडले आणि पोर्तुगालमध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घर घेतले. २०२४ या वर्षात मी पोर्तुगालमध्ये १२८ रात्री, स्पेनमध्ये ७४, बहिणीकडे ब्रिटनमध्ये ६१ आणि एका क्लायंटच्या कामासाठी जर्मनीत ३८ रात्री राहिले. उरलेल्या रात्री इतर देशांत विखुरल्या होत्या, त्यातील कोणताही मुक्काम तीन आठवड्यांपेक्षा मोठा नव्हता. कोणत्याही देशात १८३ दिवस भरत नसल्यामुळे आपण कोठेच करनिवासी नाही, असे मी काही महिने धरून चालले होते. फिरतीवर असणाऱ्या अनेक फ्रीलान्सर मित्रमैत्रिणींचाही हाच समज आहे आणि तो एकमेकांना सांगून सांगून पक्का झालेला आहे. एका बँकेने तुमचा करनिवास कोणत्या देशात आहे ते लेखी कळवा असे पत्र पाठवले आणि त्या फॉर्ममधील रकान्यात काय लिहावे हे मला कळेना, तेव्हा माझे गाडे अडले.

अहवालाचे पहिले प्रकरण याच १८३ दिवसांच्या समजाविषयी आहे आणि सगळ्या अहवालात मला तेच सर्वांत उत्तम वाटले. एकाच उत्पन्नावर दोन देशांचा कर लागू नये म्हणून देश आपसात करार करतात आणि त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचा एक नमुना करार आहे. त्या नमुना करारात १८३ दिवसांची अट येते ती कलम १५ मध्ये, आणि ते कलम पगारदार नोकरीविषयी आहे. एका देशाचा निवासी असलेला नोकरदार दुसऱ्या देशात काम करायला गेला, तर त्या दुसऱ्या देशाने त्याच्या पगारावर कर केव्हा लावायचा नाही, हे ते कलम सांगते. निवासी कोण हे ठरवण्याचे काम कलम ४ चे आहे आणि ते कलम आधी प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्याकडे बोट दाखवते. स्वतंत्र व्यावसायिकांसाठी त्या नमुना करारात पूर्वी कलम १४ होते. ते २००० साली वगळण्यात आले आणि त्यांचे उत्पन्न व्यवसायाच्या नफ्याच्या कलम ७ खाली गेले, मात्र अनेक जुन्या करारांत कलम १४ अजून जसेच्या तसे आहे. अनेक देशांच्या अंतर्गत कायद्यातही १८३ चा आकडा आहे हे खरे, परंतु तेथे तो निवासी ठरण्याच्या अनेक मार्गांपैकी एक मार्ग असतो. तो मार्ग बंद झाला म्हणून बाकीचे बंद होत नाहीत. इतक्या साध्या शब्दांत हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

आता प्रश्नावलीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सेवेची खरी गुणवत्ता तेथे दिसते. मला वाटले होते की सुरुवातीलाच प्रवासाच्या तारखा विचारतील. तारखा आल्या त्या शेवटच्या भागात. आधीचे प्रश्न असे होते : तुमच्याकडे सध्या कोणत्या कोणत्या घरांच्या किल्ल्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्या घरात तुम्ही न विचारता रात्री अकरा वाजता जाऊन झोपू शकता? तुमचे जाड कपडे, जुनी प्रमाणपत्रे आणि पुस्तके कोठे ठेवली आहेत? दात दुखला तर तुम्ही कोणत्या देशातल्या डॉक्टरकडे जाता? वीज आणि इंटरनेटची बिले कोणाच्या नावावर येतात? तुमचे इन्व्हॉइस कोणत्या पत्त्यावरून जातात? मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून एकेक किल्ली मोजली तेव्हा लक्षात आले की बहिणीच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात अजूनही आहे, तिच्या घरातील मागची खोली माझी म्हणूनच ओळखली जाते आणि कपाटाचा खालचा खण माझ्या कागदांनी भरलेला आहे. दिवस मोजण्याच्या नादात या गोष्टींकडे मी पूर्ण कानाडोळा केला होता.

या प्रश्नांमागचा कायदा अहवालात देशनिहाय दिलेला आहे. पोर्तुगालच्या कायद्यात १८३ दिवसांहून अधिक मुक्काम हा एक निकष आहे, आणि ते दिवस त्या वर्षात सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या कोणत्याही १२ महिन्यांच्या कालावधीत मोजले जातात. दुसरा निकष घराचा आहे. मुक्काम कमी असला, तरी तुमचे नेहमीचे निवासस्थान म्हणून ठेवण्याचा आणि वापरण्याचा हेतू दिसेल अशा परिस्थितीतील घर तेथे असेल, तर तुम्ही निवासी ठरता. माझा भाडेकरार, माझ्या नावावरची वीजजोडणी आणि प्रत्येक प्रवासानंतर तेथेच परतण्याची पद्धत पाहता मी १२८ रात्रींवरही पोर्तुगालची करनिवासी ठरते, असे मत अहवालाने दिले. जर्मनीची तर आणखी वेगळी तऱ्हा आहे. तेथे वापरण्याजोगे घर स्वतःच्या ताब्यात ठेवलेले असेल, तर किती दिवस राहिलात याला किमान मर्यादाच नाही. घर नसेल, तर साधारण सहा महिन्यांच्या सलग मुक्कामाचा निकष लागतो आणि मधल्या छोट्या अनुपस्थितीने तो मुक्काम खंडित होत नाही. क्लायंटने दिलेल्या हॉटेलात राहिल्यामुळे माझ्याबाबतीत जर्मनीचा प्रश्न लगेच मिटला. त्याच शहरात वर्षभरासाठी एखादी खोली भाड्याने ठेवावी असा विचार मी पूर्वी करत होते. तो विचार मी आता सोडून दिला आहे.

घराचे वजन किती असते याचे उदाहरण म्हणून करसल्लागाराने पहिल्या संभाषणात रॉबर्ट गेन्स-कूपर यांचा खटला सांगितला. हे गृहस्थ १९७६ मध्ये सेशेल्सला गेले. पुढे ब्रिटिश कर खात्याच्या पुस्तिकेतील सरासरी ९१ दिवसांच्या मर्यादेवर विसंबून त्यांनी आपण ब्रिटनचे निवासी नाही असे धरले. ब्रिटनमधील घर आणि तेथील नाती मात्र तुटली नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ब्रिटनशी असलेले नाते स्पष्टपणे तोडल्याशिवाय नुसती दिवसांची मर्यादा पाळून भागत नाही, असा त्याचा गाभा होता. त्यानंतर ब्रिटनने ६ एप्रिल २०१३ पासून निवासाची वैधानिक चाचणी लागू केली आणि तेव्हापासून निदान नियम तरी कागदावर स्पष्ट झाले.

ब्रिटनचे प्रकरण माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे होते आणि संस्थेची चूकही नेमकी तेथेच झाली. तेथील चाचणी दिवस आणि संबंध यांची सांगड घालते. मागच्या तीन करवर्षांपैकी निदान एका वर्षी तुम्ही ब्रिटनचे निवासी असाल, तर १६ ते ४५ दिवसांच्या मुक्कामात किमान चार संबंध, ४६ ते ९० दिवसांत किमान तीन, ९१ ते १२० दिवसांत किमान दोन आणि १२१ ते १८२ दिवसांत एक संबंध असला की तुम्ही निवासी ठरता. संबंध पाच प्रकारचे आहेत. पती, पत्नी किंवा अल्पवयीन मूल तेथे निवासी असणे; राहण्याची जागा उपलब्ध असणे; काम करणे; मागच्या दोन करवर्षांपैकी एखाद्या वर्षी ९० हून अधिक दिवस तेथे राहिलेले असणे; आणि इतर कोणत्याही देशापेक्षा ब्रिटनमध्ये अधिक मध्यरात्री काढलेल्या असणे. दिवस मोजतानाही मध्यरात्री तुम्ही देशात होता की नाही हेच मुख्यतः पाहिले जाते.

माझ्याबाबतीत ९० दिवसांचा संबंध उघड होता, कारण २०२२–२३ मध्ये मी तेथेच राहत होते. जागेचा संबंधही होता. जवळच्या नातेवाइकाच्या घरातील उपलब्ध खोलीत वर्षभरात १६ रात्री काढल्या की तो लागू होतो आणि भावंडांचे घर त्या व्याख्येत येते. कुटुंबाचा संबंध नव्हता, कारण त्यात बहीण येत नाही. देशाचा संबंधही नव्हता, कारण माझ्या सर्वाधिक रात्री पोर्तुगालमधल्या होत्या. उरला कामाचा संबंध. ब्रिटनच्या भूमीवर दिवसाला तीन तासांहून अधिक काम केलेले ४० दिवस भरले की तो लागू होतो. क्लायंट कोणत्या देशातला आहे याला येथे महत्त्व नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून जर्मन क्लायंटसाठी साडेतीन तास लिहिले, तरी तो ब्रिटनमधला कामाचा दिवस होतो. फ्रीलान्सरच्या दृष्टीने या नियमाची खरी मेख येथे आहे. सुट्टी आणि काम यांच्यात आपण सहसा रेषा आखत नाही, आणि या नियमाला ती रेषा तासांच्या हिशेबाने हवी असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहवालाचा पहिला मसुदा आला. त्यात ब्रिटनच्या प्रकरणात जानेवारी ते डिसेंबर २०२४ असा हिशेब धरून ६१ रात्री, दोन संबंध, सबब अनिवासी, असा निष्कर्ष काढला होता. निष्कर्ष वाचून मला हायसे वाटले आणि मार्चमध्ये बहिणीकडे एकोणीस रात्री राहून तेथूनच रोजचे काम करण्याचे मी ठरवले. तिकीट काढण्याच्या आदल्या संध्याकाळी मसुदा पुन्हा वाचताना वर्षाच्या रकान्यावर नजर गेली. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. म्हणजे २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांतील २२ रात्री आधीच्या करवर्षात जायला हव्या होत्या आणि मार्च २०२५ चा माझा मुक्काम याच हिशेबात यायला हवा होता. खरा हिशेब असा होता : ६ एप्रिलपासून डिसेंबरअखेरपर्यंत ३९ रात्री आणि त्यात तीन तासांहून अधिक कामाचे २८ दिवस. त्यात मार्चच्या १९ रात्री मिळवल्या की रात्री ५८ होतात, आणि ठरवल्याप्रमाणे पंधरा दिवस काम केले असते, तर कामाचे दिवस ४३ झाले असते. तिसरा संबंध लागू होऊन मी त्या करवर्षासाठी ब्रिटनची निवासी ठरले असते.

ही चूक मला फार लागली. ज्या सेवेचे कामच तारखांचे आहे, तिने करवर्ष चुकवावे हे क्षम्य नाही. मी लिहून कळवल्यावर दोन दिवसांत उत्तर आले, चूक मान्य केली गेली आणि दुसरे संभाषण विनाशुल्क आणखी लांबवून देण्यात आले, हेही नमूद केले पाहिजे. कारण विचारले तेव्हा कळले की ॲपमधील सर्व देशांचे हिशेब मुळात जानेवारी ते डिसेंबर असेच तयार होतात आणि वेगळे करवर्ष असलेल्या देशांसाठी सल्लागाराने हाताने बदल करायचा असतो. तो करायचा राहिला होता. ऑस्ट्रेलियाचे करवर्ष १ जुलै ते ३० जून आहे, भारताचे १ एप्रिल ते ३१ मार्च आहे. अशा देशांशी संबंध असलेल्या प्रत्येक ग्राहकाबाबत ही गफलत पुन्हा होऊ शकते. ॲपमध्येच ही सोय झाली पाहिजे, असे मी त्यांना आग्रहाने कळवले आहे.

मार्चमध्ये मी गेले, पण सुधारलेल्या हिशेबाप्रमाणे वागले. एकोणीसपैकी आठच दिवस मी पूर्ण काम केले. बाकीच्या दिवशी फोनवर अडीच तासांचा गजर लावून लॅपटॉप उघडत असे आणि गजर वाजला की वाक्य अर्धवट असले तरी बंद करत असे. वेळेची नोंद करणाऱ्या ज्या साधनातून मी क्लायंटला तासांचा हिशेब देते, त्याच्याच नोंदी सल्लागाराने पुरावा म्हणून अहवालाला जोडल्या. वर्षअखेरीस कामाचे दिवस ३६ भरले. अंतिम अहवालात आणखी एक बारकावा प्रामाणिकपणे नोंदवला होता : परदेशात पूर्णवेळ काम करणाऱ्यांना आपोआप अनिवासी ठरवणारी जी चाचणी आहे, तिचा आधार मला घेता येत नव्हता, कारण त्यासाठी ब्रिटनमधील कामाचे दिवस ३१ पेक्षा कमी असावे लागतात. माझा अनिवासी दर्जा पूर्णपणे संबंधांच्या संख्येवर उभा आहे, हे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले. ग्राहकाला बरे वाटावे म्हणून निष्कर्ष अधिक भक्कम करून दाखवण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ॲपविषयी माझे मत संमिश्र आहे. ते फोनच्या स्थानावरून रोज देशाची नोंद घेते आणि दर महिन्याला ती नोंद आपल्याकडून तपासून घेते. प्रत्येक देशाची दिवस मोजण्याची पद्धत त्यात वेगळी धरली आहे आणि ती बरोबर आहे. ब्रिटन मध्यरात्र पाहतो. पोर्तुगालमध्ये रात्रीचा मुक्काम असलेला दिवस मोजला जातो. आयर्लंड, अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरात दिवसाचा काही भागही पूर्ण दिवस म्हणून धरतात. त्यामुळे एकाच तारखेला दोन देशांत एकेक दिवस मोजला जाऊ शकतो, आणि तीस प्रवास केलेल्या माणसाच्या वर्षात दिवसांची बेरीज ३६५ च्या वर जाते. हे पाहून प्रथम मी नोंद चुकली असे समजले होते. अमेरिकेची चाचणी तर तीन वर्षांची असते : चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३. दरवर्षी १२२ दिवस राहणारा मनुष्य तिसऱ्या वर्षी बरोबर त्या रेषेवर पोहोचतो. ॲप ही बेरीज आपोआप करून इशारा देते. हा भाग चांगला जमला आहे.

उणीव आहे ती रात्रीच्या विमानांची आणि पुराव्याची. रात्री साडेअकराला सुटून पहाटे उतरणाऱ्या विमानात फोन बंद असतो, आणि ॲप अशी रात्र ज्या देशातून निघालो त्याच्या खात्यावर टाकते. ब्रिटनहून निघालेल्या अशा दोन रात्री मला हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. शिवाय स्थानाची नोंद हा एकटा पुरावा पुरेसा नाही, हे संस्थेने आधीच स्पष्ट सांगायला हवे होते. शेंगेन क्षेत्रातील देशांच्या आपसातील सीमांवर पासपोर्टवर शिक्का पडत नाही, त्यामुळे पोर्तुगाल आणि स्पेन यांच्यातील माझ्या येण्याजाण्याचा सरकारी कागद काहीच नव्हता. त्या क्षेत्राच्या बाहेरील सीमांवरही १२ ऑक्टोबर २०२५ पासून अल्पकालीन मुक्कामाच्या परदेशी प्रवाशांची इलेक्ट्रॉनिक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तेथेही शिक्क्यांची जागा ही नोंद घेते. मी आता रेल्वेची तिकिटे, बोर्डिंग पास आणि घराच्या वीजवापराची महिनावार बिले वर्षवार फोल्डरमध्ये ठेवते. वीजबिलाचे महत्त्व मला याच सेवेने शिकवले : घर नुसते भाड्याने घेतलेले नसून वापरात आहे, हे ते दाखवते.

स्पेनच्या प्रकरणाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष करणार होते, कारण ७४ रात्री १८३ पासून खूप दूर आहेत. परंतु स्पेनच्या कायद्यात अधूनमधूनची अनुपस्थिती मुक्कामातच धरली जाते. ती वगळून घ्यायची असेल, तर आपण दुसऱ्या देशात करनिवासी आहोत हे दाखवावे लागते. मुख्य आर्थिक व्यवहाराचे केंद्र स्पेनमध्ये असणे हाही तेथे स्वतंत्र निकष आहे, आणि पती किंवा पत्नी व अल्पवयीन मुले तेथे राहत असतील, तर निवासाचे गृहीतक लागू होते. म्हणून कोठेच निवासी नसणे ही स्पेनच्या संदर्भात सर्वांत कमकुवत भूमिका असते. संस्थेने मला पोर्तुगालच्या कर खात्याकडून त्या वर्षाचे करनिवास प्रमाणपत्र घ्यायला लावले. खासगी सल्लागाराचे मत कितीही अभ्यासपूर्ण असले, तरी दुसऱ्या देशाच्या कर अधिकाऱ्यासमोर त्याचे वजन या एका सरकारी कागदाइतके नसते. हे त्यांनी स्वतःहून सांगितले, स्वतःच्या अहवालाची मर्यादा दाखवून सांगितले, आणि मला ते योग्य वाटले.

दोन देशांनी आपापल्या कायद्याने एकाच व्यक्तीला निवासी ठरवले तर काय होते, याचे विवेचन अहवालात आहे, मात्र ते आटोपते घेतले आहे. नमुना करारातील कलम ४ चा दुसरा परिच्छेद ठरावीक क्रमाने पाहतो : कायम उपलब्ध असलेले घर कोणत्या देशात आहे, दोन्हीकडे असेल, तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कोठे अधिक जवळचे आहेत, तेही ठरत नसेल किंवा कोठेच घर नसेल, तर नेहमीचे वास्तव्य कोठे आहे, त्यानंतर नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी आपसात ठरवायचे. क्रम मोडता येत नाही. पहिल्या पायरीवर उत्तर मिळाले, तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ उरत नाही. माझ्या बहिणीच्या घरातील खोली या कलमाच्या अर्थाने कायम उपलब्ध असलेले घर ठरेल का, हा माझा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता, आणि त्यावर अहवालात एकच परिच्छेद होता. दुसऱ्या संभाषणात मी तो लावून धरला तेव्हा त्यांनी तीन पानांचे पुरवणी टिपण दिले. मागितल्याशिवाय ते मिळाले नसते, म्हणून अशी सेवा घेणाऱ्याने ज्या दोन देशांत खरी ओढाताण होऊ शकते, त्यांच्याविषयीचे हे विवेचन आधीच मागून घ्यावे.

सेवेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या गोष्टी मला नंतर वेगळ्या विचारून घ्याव्या लागल्या. करनिवास एका देशात आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी दुसऱ्या देशात, असे घडू शकते, कारण युरोपीय संघात त्या वर्गणीचे नियम स्वतंत्र आहेत आणि कोणत्या देशाची व्यवस्था लागू आहे हे दाखवणारे ए१ प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. तसेच करनिवास नसलेल्या देशातही तेथे बसून केलेल्या कामाच्या उत्पन्नावर कर लागू शकतो. ज्या करारांत जुने कलम १४ शिल्लक आहे, तेथे त्या देशात ठरावीक जागा असणे महत्त्वाचे ठरते, आणि काही करारांत मुक्कामाचे दिवसही पाहिले जातात. जर्मनीतील ३८ दिवसांच्या संदर्भात हा प्रश्न मी विचारला तेव्हा तो सेवेत समाविष्ट नाही असे नम्रपणे सांगण्यात आले. करारपत्रात तसे लिहिलेले होते, त्यामुळे तक्रार नाही, पण फ्रीलान्सरला नेमके हेच पुढे लागते हे त्यांना माहीत असणारच. निदान एका पानाची यादी तरी त्यांनी जोडावी.

ज्यांचे वर्ष एकाच देशात जाते आणि दोनतीन आठवडे बाहेर जातात, त्यांना या सेवेची गरज नाही. अमेरिकेच्या नागरिकांना तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण अमेरिका नागरिकत्वाच्या आधारावर कर लावते आणि कोठेही राहिले तरी तेथील विवरणपत्र सुटत नाही. ज्यांनी नुकताच एक देश सोडला आहे आणि तेथे अजून खोली, नाती, सामान आहे, त्यांनी मात्र ती जरूर घ्यावी, आणि करवर्ष संपण्याच्या निदान चार महिने आधी घ्यावी, कारण वर्ष संपल्यानंतर मिळालेले मत केवळ झालेल्या गोष्टी मोजते. माझ्या मार्चच्या मुक्कामात बदल करता आला, तो करवर्ष अजून हाती होते म्हणूनच.

एप्रिलअखेर अंतिम अहवाल आला आणि त्यानंतर मी बँकेचा तो फॉर्म भरला. २०१७ पासून बँका ही माहिती सीआरएस या व्यवस्थेखाली आपल्या देशाच्या कर खात्याला देतात आणि ते खाते ती ग्राहकाच्या करनिवासाच्या देशाला कळवते, त्यामुळे रकान्यातील एक शब्द पुढे दोन सरकारांच्या नोंदींत जातो. मी पोर्तुगाल लिहिले, तेथील कर क्रमांक लिहिला आणि प्रमाणपत्राची प्रत जोडली. बहिणीच्या घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. या करवर्षासाठी मी सेवेचे नूतनीकरण केले असून ॲपमध्ये ब्रिटनच्या पानावर वर्षाची सुरुवात ६ एप्रिल अशी मी स्वतः तपासून घेतली आहे. बहिणीकडे पुढचा मुक्काम डिसेंबरात आहे, आणि त्यासाठी कामाचे दहा दिवस मी आधीच वेगळे काढून ठेवले आहेत.